पाळकसाहेब, सगळं एकट्यानं ओढू नका! मंडळीत जबाबदारी देताना या चुका टाळा

रविवारी चर्चचं कुलूप उघडणारा मीच, माईक लावणारा मीच, संदेश देणारा मीच आणि शेवटी खुर्च्या उचलणारा पण मीच, अशी माझी कितीतरी वर्षं गेली आणि मला वाटायचं हीच खरी सेवा. मग एका नाताळच्या आठवड्यात तापानं आडवा पडलो तर कॅरल फेरी कुठल्या घरांना न्यायची हेच कुणाला माहीत नव्हतं, यादी फक्त माझ्या डोक्यात होती ना!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काम द्यायचं पण निर्णय आपल्याकडेच ठेवायचा. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 18 वा अध्याय नीट वाचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो की हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेम. एवढं आपल्याला पाठ असतं, पण पुढचं विसरतो, की लहान प्रकरणं त्यांनीच निकालात काढायची, अवघड तेवढंच मोशेकडे. आपण मात्र कापणीचा सण तरुण संघाकडे देतो आणि मंडपवाल्याला फोन स्वतःच करतो. काम देतानाच ठरवून टाका, किती खर्चापर्यंत विचारायची गरज नाही आणि कशासाठी पंचांची, म्हणजे मंडळीच्या कमिटीची, परवानगी लागेल.

दुसरं, नेहमीच्याच चार घरांतली माणसं. बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, आणि मग जे सात जण निवडले त्यांची सगळ्यांची नावं ग्रीक वळणाची आहेत बघा. मला तर हे फार मोठं वाटतं. ज्यांची तक्रार त्यांच्याच माणसांच्या हातात काम दिलं! आपण तक्रार करणाऱ्याला लांब ठेवतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो, दान कायम दोघांनी मिळून मोजायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या, माणूस कितीही विश्वासू असू दे. त्यात त्याचंच रक्षण आहे.

आणि चारचौघांत चूक काढणं, हे माझ्याकडून झालंय. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवणाऱ्या एका ताईंनी गोष्टीत काहीतरी उलटसुलट सांगितलं, मी मुलांसमोरच दुरुस्त केलं, त्या काही बोलल्या नाहीत पण पुढच्या रविवारपासून वर्गावर आल्याच नाहीत आणि वर्ग पुन्हा माझ्या गळ्यात. नवीन माणसाला आधी सोबत बसवा, मग थोडं थोडं शिकवू द्या, मग पूर्ण सोपवा, आणि सांगायचं असेल ते नंतर एकट्याला सांगा.

कुणी असं दुखावून बाजूला झालं असेल तर निरोप पाठवू नका, फोनही नको, घरी जा. मी दोन महिन्यांनी गेलो, माफी मागितली आणि तोच वर्ग परत घ्या म्हणून विनंती केली. त्यांनी एकच विचारलं, "मी शिकवत असताना तुम्ही आत येणार नाही ना?" मी येणार नाही म्हणालो, आणि ते आजपर्यंत पाळलंय.