जर्मन घरातला पहिला नाताळ: या चुका टाळा

जर्मनीत पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात होस्ट आईने, म्हणजे मी जिच्या घरी राहत होते तिने, बटाट्याच्या सॅलडचं भांडं माझ्यापुढे धरलं आणि मी सवयीने म्हणाले, "नको, नको." आपल्याकडे पहिलं 'नको' कुणी खरं मानत नाही. दुसऱ्यांदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा पानात वाढलंच जातं. तिने मान डोलावली आणि भांडं पलीकडे दिलं. त्या रात्री मी अर्धपोटी झोपले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी नको म्हटलं आणि तिने माझ्या शब्दाचा मान ठेवला.

आता मी पुण्यात जर्मन शिकवते. अकरावी-बारावीची मुलं एक्स्चेंजवर, म्हणजे तिथल्या कुटुंबात राहून शिकायला, जर्मनीला निघाली की त्यांच्याशी डिसेंबरबद्दल मुद्दाम वेगळं बोलते. तोवर घरात रुळलेली मुलंही नाताळात अडखळतात, आणि बहुतेक वेळा मूळ एकच असतं, भीड. नको असलेलं भिडेखातर खायचं, हवं ते मागायचं नाही, शंका आली तर गिळून टाकायची. 'भीड ही भिकेची बहीण' असं आपले लोक उगाच म्हणत नव्हते.

25 तारखेची वाट बघत बसू नका

आपल्या डोक्यात नाताळ म्हणजे 25 डिसेंबर. जर्मन घरात खरा सण 24 च्या संध्याकाळी असतो. तिला 'हायलिगाबेंड' म्हणतात. झाडाजवळ बसणं, जेवण, भेटवस्तू, सगळं त्याच संध्याकाळी. 25 आणि 26 या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, आणि ते दिवस बहुधा आजी-आजोबा, मामा-मावश्यांकडे जाण्यात जातात. माझ्या एका विद्यार्थ्याने 24 ला दुपारी शेजारच्या शहरातल्या मित्राला भेटायचं ठरवलं, 'नाताळ तर उद्या आहे' म्हणून. परतीची बस सुट्टीच्या वेळापत्रकाप्रमाणे धावत होती. तो घरी पोहोचला तेव्हा सगळे नटूनथटून जेवणाच्या टेबलापाशी त्याची वाट बघत बसले होते. कुणी रागावलं नाही, पण ती संध्याकाळ परत येत नाही. डिसेंबर लागला की होस्ट आईला या तिन्ही दिवसांचा कार्यक्रम विचारा आणि लिहून ठेवा.

दुकानांचंही तसंच. 24 ला दुपारी साधारण 2 पर्यंत ती बंद होतात, मग थेट 27 ला उघडतात, आणि 27 ला रविवार आला तर त्याही दिवशी बंदच. 2026 मध्ये नेमकं तेच होणार आहे: गुरुवारी दुपारी बंद झालेली दुकानं सोमवारी उघडतील. डाळ, तांदूळ, सॅनिटरी पॅड, नेहमीची औषधं, भेटवस्तूचा कागद, सगळं 23 पर्यंत घरात आणून ठेवा.

'मी शाकाहारी आहे' एवढं सांगून भागत नाही

जर्मन माणसाच्या मते शाकाहारात अंडं बसतं, आणि काही घरांत मासेही त्यात चालतात असं धरलं जातं. त्यामुळे काय चालतं आणि काय नाही, ते पदार्थांची नावं घेऊन सांगावं लागतं.

24 ला पुष्कळ घरांत अगदी साधं जेवण असतं, बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज. सॉसेज समोर दिसतो म्हणून तो टाळता येतो, सॅलडचं तसं नाही. उत्तरेकडे त्यात बहुधा मेयोनीज असतं, म्हणजे अंडं. दक्षिणेकडे तेच सॅलड पुष्कळदा मांसाच्या, बहुधा बीफच्या, गरम रश्श्यात मुरवतात. दुसऱ्या दिवशीच्या हंसाच्या जेवणात लाल कोबी असतो. तो दिसायला भाजी, पण बऱ्याच घरांत हंसाच्या किंवा डुकराच्या चरबीत शिजवलेला. बटाट्याच्या गोळ्यांवर ओततात ते सॉस मांसाच्याच रसाचं. घरी केलेल्या बिस्किटांत बहुधा अंडं असतं आणि जेलीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ. बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्या, पण चिकन चालणाऱ्या मुलांनाही हे सगळं आधी माहीत हवं.

ही गोष्ट 24 ला टेबलावर सांगायची नाही. ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला की होस्ट आई मेन्यू ठरवू लागते. तेव्हाच स्वयंपाकघरात जाऊन सांगा: "इश एसं काइन फ्लाइश उंड काइनं आयर," मी मांस खात नाही आणि अंडीही खात नाही. लगेच पुढे म्हणा, "माझ्यासाठी एक पदार्थ मी करते." या दुसऱ्या वाक्याने तिच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं. मी मसालेभात केला होता. तिखट निम्म्यावर आणलं आणि काजू घालण्याआधी कुणाला सुकामेव्याची ॲलर्जी आहे का ते विचारलं.

चुकून काही खाल्लं गेलंच, तर तोंड वेडंवाकडं करू नका, घास टेबलावर काढू नका. नॅपकिन तोंडाला लावा, पाणी प्या, उरलेलं ताटातच ठेवा आणि नंतर एकांतात सांगा. आणि आवडलं असेल, आणखी हवं असेल, तर पहिल्याच वेळी "या, गेर्नं" म्हणा, हो, आवडेल. दुसरा आग्रह व्हायचा नाही.

चार मेणबत्त्या एकदम लावू नका

ही चूक माझी आहे, आणि अजून मनाला लागते. नोव्हेंबर संपता संपता टेबलावर हिरव्या फांद्यांचं एक कडं आलं, त्यात चार लाल मेणबत्त्या. बाहेर दुपारी चारलाच अंधार पडत होता. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, मी ती फक्त व्हिडिओवर पाहिलेली. एका सोमवारी घरात कुणी नसताना मी चारही वाती पेटवल्या आणि पणत्यांसमोर बसावं तशी शांत बसून राहिले.

होस्ट भाऊ सहा वर्षांचा होता. शाळेतून आला आणि दारातच थांबला. नाताळाआधीचे चार रविवार, प्रत्येक रविवारी एक मेणबत्ती वाढवायची, असा तो हिशेब असतो. हॅम्बुर्गच्या एका पाद्र्याने, योहान हिनरिश विखर्नने, 1839 मध्ये आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांना नाताळला किती दिवस उरले ते कळावं म्हणून मेणबत्त्यांचं असं चाक केलं होतं, त्यातून ही प्रथा आली. चौथ्या रविवारी पहिली मेणबत्ती सगळ्यात बुटकी आणि चौथी नवी कोरी, अशा पायऱ्या दिसायला हव्यात. मी विझवल्या खऱ्या, पण एकदा काळी झालेली वात पांढरी होत नाही. माफी मागितली, माझ्या पॉकेटमनीतून तीन नव्या मेणबत्त्या आणल्या आणि त्यालाच बसवायला दिल्या. सगळ्यात मोठी कुठली ते त्याने पट्टीने मोजून ठरवलं.

ॲडव्हेंट कॅलेंडरलाही हाच नियम: रोज एकच खिडकी, आणि ती त्या दिवशीचीच. 5 डिसेंबरच्या रात्री दाराशी बूट पुसून ठेवायला सांगितले तर ठेवा, 6 ला सकाळी निकोलाउस, म्हणजे संत निकोलस, त्यात काहीतरी टाकून जातो. घरात लहान मूल असेल तर भेटवस्तू कोण आणतं हे आधी मोठ्यांना विचारून घ्या. साधारणपणे दक्षिणेत आणि पश्चिमेत क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू, आणतो, उत्तरेत आणि पूर्वेत वाइनाख्ट्समान, म्हणजे नाताळबाबा. तुमच्या तोंडून "बाबांनी आणलं ना हे?" निघालं, तर ते दुरुस्त करता येत नाही.

भेट बाजूला ठेवू नका

आपण देणाऱ्यासमोर पाकीट फोडत नाही, ते हावरटपणाचं वाटतं. तिथे न उघडणं म्हणजे आवडलं नाही असं वाटू शकतं. माझ्या होस्ट घरी बैठकीच्या खोलीचं दार दुपारपासून बंद होतं. संध्याकाळी आतून छोटी घंटा वाजली, दार उघडलं, झाडावर खऱ्या मेणबत्त्या आणि कोपऱ्यात पाण्याने भरलेली बादली. मग एकेकाने भेट उघडायची आणि बाकीच्यांनी बघायचं. घाई करू नका. उघडा, हातात घ्या, काय आवडलं ते बोला.

देताना महाग काही नको, त्याने त्यांना अवघडल्यासारखं होतं. सावंतवाडीचं लाकडी खेळणं, वारलीचं छोटं चित्र, आणि स्वतःच्या अक्षरात जर्मनमधलं पत्र. व्याकरण चुकलं तरी चालेल. घरून फराळ मागवणार असाल तर पेढे, खव्याची बर्फी, तूप मागवू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला किंवा पार्सलने मागवायला मनाई आहे. चिवडा, चकली मागवा, आणि नोव्हेंबरातच.

घरच्यांचा फोन

हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते. तिथे संध्याकाळी 6 ला घंटा वाजते तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा, म्हणजे आईच्या फोनची नेमकी वेळ. घरी आधीच सांगून ठेवा: 24 ला जर्मनीतल्या सकाळी 10 ला, म्हणजे पुण्यात दुपारी अडीचला, बोलू. आणि होस्ट घरातल्या लहान भावंडांचे फोटो त्यांच्या आई-बाबांना विचारल्याशिवाय स्टेटसला लावू नका. जर्मन माणसं याबाबत फार काटेकोर असतात.

चर्च आणि ग्लूवाइन

चर्चमध्ये जायचं की नाही हे तुमच्यावर आहे, पण आदल्या दिवशी सांगा. गेलात आणि चर्च कॅथलिक असेल, तर प्रसादासारखी भाकरी घ्यायला रांग लागते तेव्हा जागेवरच बसून राहा. ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. बाजारातल्या ग्लूवाइनला, म्हणजे मसाले घातलेल्या गरम वाइनला, जर्मन कायद्याने 16 व्या वर्षी परवानगी आहे, पण एक्स्चेंज संस्थांचे नियम वेगळे असतात. काही संस्थांत मद्याला मनाईच असते. किंडरपुन्श, म्हणजे मद्य नसलेलं पेय, मागा, तोही गरमच असतो.

काही बिघडलंच तर

ताप आला, दवाखाना बंद, तर 116117 वर फोन करा. जिवावरचं असेल तर 112. संस्थेच्या समन्वयकाचा सुट्टीतला नंबर आधीच मागून ठेवा.

घरची आठवण अनावर झाली तर खोलीचं दार लावून रडत बसू नका. त्यांना वाटतं, हिला एकटं हवंय, आणि ते तुम्हाला तसंच सोडतात. खाली जा आणि सरळ म्हणा, "इश हाबं हाइमवे," मला घरची आठवण येतेय. मग बटाटे सोलायला घ्या. मी तसं केलं तेव्हा होस्ट आईने काहीही न बोलता माझ्यासमोर दुसरी सुरी ठेवली आणि आम्ही दोन किलो बटाटे सोलले.

झाड 6 जानेवारीच्या सुमाराला उतरवतात. तेव्हा बाहेर भटकायला जाऊ नका. 24 ला सगळे इतकं भराभर बोलत होते की मला निम्मं कळलं नव्हतं. झाड उतरवताना मात्र होस्ट आई झाडावरचा एकेक शोभेचा गोळा वर्तमानपत्रात गुंडाळत सावकाश सांगत गेली: हा आजीचा, हा लग्नाच्या वर्षीचा, हा तडा गेलेला भावाने पाडलेला. शेवटी तिने गवताची एक चांदणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ही तू गुंडाळ, ही पेटीत सगळ्यात वर ठेवतात.