से की टेल? म्हण आणि सांग आठवा

इंग्रजीतल्या से (say) आणि टेल (tell) मध्ये गोंधळ होत असेल तर डिक्शनरी नंतर उघडा, आधी मराठीत बोलून बघा, म्हणणं म्हणजे से आणि सांगणं म्हणजे टेल. गोष्ट आपण सांगतो, खरं सांगतो, जोक सांगतो, तिकडे पण टेल अ स्टोरी, टेल द ट्रुथ, टेल अ जोक असंच. प्रार्थना मात्र म्हणतो, म्हणून से अ प्रेयर. किती छान जुळतं ना!

फक्त एका ठिकाणी सांभाळा, आपण 'तो मला म्हणाला' सहज बोलतो आणि तेच उचलून 'ही सेड मी' लिहितो, ते चूक. 'ही सेड टू मी' किंवा सरळ 'ही टोल्ड मी', टोल्ड नंतर टू लावायचा नाही.