ड्रॅगन वाचायचा कसा: उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखापासून स्वप्नातल्या नागापर्यंत

ड्रॅगन म्हटलं की पंख, तोंडातून आग आणि समोर भाला घेतलेला घोडेस्वार, असं चित्र उभं राहतं. हा युरोपातला ड्रॅगन झाला. तो डोळ्यांसमोर ठेवून कोल्हापूर परिसरातल्या देवळांत शोधाशोध केलीत तर हाती काही लागणार नाही. आपल्याकडे त्याचं काम चौघांनी वाटून घेतलंय: नाग, मकर, व्याल आणि कीर्तिमुख. चौघांचा स्वभाव वेगळा, म्हणून अर्थही वेगळा.

दगडातला असो, गोष्टीतला असो की स्वप्नातला, असा प्राणी वाचताना “शुभ की अशुभ?” हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. त्याच्याऐवजी तीन गोष्टी विचारा. हा काय अडवून किंवा राखून बसलाय? त्याच्यासमोर कोण येतं? आणि शेवटी त्याचं काय होतं? तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि खरा अर्थ तिथेच असतो.

आधी प्राणी ओळखा

सरावासाठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर उत्तम. कोल्हापुरापासून साधारण ६० किलोमीटर, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, कोरीवकामाच्या सावल्या मरतात आणि सगळं सपाट दिसतं. सोबत वही, मऊ पेन्सिल आणि छोटी बॅटरी ठेवा. बॅटरी समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा, म्हणजे झिजलेल्या दातांची आणि नखांचीही रेघ उमटते. फोटोपेक्षा रेखाटन बरं, कारण काढताना प्रत्येक अवयवाचा हिशेब द्यावा लागतो.

नाग ओळखणं सोपं: फणा आणि वेटोळी. फणे मोजा, ते बहुधा विषम असतात. मकराचा जबडा मगरीसारखा, नाकाड सोंडेसारखं वर वळलेलं आणि शेपटी पानाफुलांच्या नक्षीत विरघळलेली. तो पाण्याचा प्राणी, गंगेचं आणि वरुणाचं वाहन. दारावरच्या दगडी तोरणाच्या दोन टोकांना तो हमखास सापडतो, आणि अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी प्रणालही पुष्कळदा त्याच्याच तोंडाची असते. व्यालाचं धड सिंहाचं. डोकं सिंहाचं असेल, हत्तीचं असेल, क्वचित घोड्याचंही. तो मागच्या पायांवर उभा असेल आणि पायाखाली हत्ती किंवा योद्धा असेल, तर तो नुसती नक्षी नाही.

कीर्तिमुखापाशी मात्र थांबा. बटबटीत डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, वरच्या दातांची रांग. मग खाली बघा: खालचा जबडा बहुतेक नसतोच, आणि धडाचा तर पत्ताच नाही. ही झीज किंवा मोडतोड नव्हे, गोष्टच तशी आहे. जालंधर नावाच्या असुराने राहूला दूत करून शंकराकडे पाठवलं, पार्वतीची मागणी करायला. शंकराच्या कोपातून एक भुकेला सिंहमुखी प्राणी निघाला आणि राहूवर झेपावला. राहू शरण आला, त्याला अभय मिळालं. आता त्या भुकेचं काय करायचं? “स्वतःलाच खा,” शंकर म्हणाले. त्याने शेपटीपासून सुरुवात केली आणि खात खात उरलं ते फक्त तोंड. त्या तोंडाला कीर्ती मिळाली आणि दाराची जागा मिळाली.

म्हणून देवळात ते कुठे आहे हे आधी टिपा. उंबऱ्यावर असेल तर आपण ते ओलांडून आत जातो, तोरणाच्या मधोमध असेल तर त्याच्याखालून. दोन्हीकडे ते राखणदार आहे. “हा राक्षस होता, देवाने मारला” असं सांगणारा वाटाड्या भेटला तर मान डोलवा, पण वहीत उतरवू नका.

मग गोष्ट वाचा

ऋग्वेदातल्या पहिल्या मंडळाच्या ३२व्या सूक्तात इंद्र वृत्राला, म्हणजे अहीला (सापाला), मारतो. वृत्र या शब्दाच्या मुळाशी झाकणं, अडवणं आहे, आणि त्याने अडवलंय ते पाणी. तो पडल्यावर नद्या वाहू लागतात. इथे पहिल्या प्रश्नातच अर्धं उत्तर मिळतं. बाबिलोनच्या कथेत मार्दुक हा देव समुद्ररूपी आदिमाता तिआमतला मारतो आणि तिच्याच देहातून आकाश आणि पृथ्वी घडवतो. तिथे तिसरा प्रश्न कामाला येतो: ड्रॅगन संपत नाही, त्याचंच जग होतं.

उत्तर युरोपातला फाफनीर सोन्याच्या हव्यासापायी स्वतःच ड्रॅगन होऊन त्या सोन्यावर बसतो. हे आपल्याला नवीन नाही. धनात जीव अडकलेला माणूस मेल्यावर नाग होऊन हंड्यावर बसतो, हे गावोगावी ऐकायला मिळतं. दोन्हीकडे राखणाऱ्याला त्या धनाचा काडीचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. स्वप्न वाचताना उपयोगी पडेल.

चीनचा ड्रॅगन या रांगेत बसवू नका. तो पाऊस आणतो, नद्या सांभाळतो, आणि पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाची खूण होता. त्याला मारायला सहसा कुणी निघत नाही. युरोपचा अर्थ त्याच्यावर चिकटवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

आता कोल्हापूरचा कोल्हासुर घ्या. महालक्ष्मीने त्याला मारलं, पण मरताना त्याने मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहावं, आणि ते राहिलं. आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तिथे त्याचं प्रतीक म्हणून कोहळा फोडतात आणि तुकडा मिळवायला झुंबड उडते. असुराचा तुकडा भक्तिभावाने घरी नेणारं गाव! इथे तिसरा प्रश्न विचारून पाहा. कालियाचंही तेच: कृष्ण त्याला मारत नाही, डोहातून हलवून रमणक द्वीपाला पाठवतो. देवीमाहात्म्याच्या जोडग्रंथात, प्राधानिक रहस्यात, महालक्ष्मीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र सांगितलंय, आणि मस्तकावर नाग. आपल्या कथांमध्ये या प्राण्याला मारून टाकण्यापेक्षा जागा नेमून देण्याकडे कल जास्त दिसतो.

मनातला ड्रॅगन

मानसशास्त्रात या प्रतीकावर सर्वांत जास्त काम कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनी केलं. फ्रॉइडच्या मांडणीत स्वप्नातला साप प्रामुख्याने लैंगिक प्रतीक. युंगनी १९१२च्या ग्रंथापासून वेगळी वाट धरली. वीर ड्रॅगनशी लढतो म्हणजे जाणीव स्वतःला नेणिवेच्या (मनाच्या नकळत्या भागाच्या), मातृरूपाच्या ओढीतून सोडवते, असं त्यांचं वाचन. खजिना ड्रॅगनपाशीच असतो, कारण माणसाला हवी असलेली शक्ती तो ज्याला भितो तिथेच अडकलेली असते. १९३२ साली त्यांनी झुरिकमध्ये कुंडलिनीवर व्याख्यानंही दिली. मराठी वाचकाने त्याआधी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढावा. कुंकवात न्हालेलं नागाचं पिल्लू आणि ‘औट वळणी’ म्हणजे साडेतीन वेटोळी तिथे भेटतात. साडेतीन शक्तिपीठांशी हे साडेतीन जोडण्याचा मोह होईल. आकडा जुळला म्हणून अर्थ जुळत नाही.

स्वतःची शेपटी गिळणारा साप, म्हणजे युरोबोरोस, युंगना किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येच्या, ग्रंथांत सापडला. कीर्तिमुख त्याचा भाऊ वाटतो, पण फरक आहे. युरोबोरोसचं वर्तुळ बंद असतं. कीर्तिमुख खाता खाता थांबतं, आणि उरलेलं तोंड दारावर कामाला लागतं.

स्वप्न लिहून काढायची रीत

उठल्यावर लगेच, चहाच्या आधी लिहा. नंतर मन गोष्ट नीटनेटकी करतं आणि विचित्र भाग गळतात, जे खरे कामाचे असतात. क्रियापदं वर्तमानकाळात ठेवा: “नाग विहिरीच्या काठावर आहे, मी मागे सरकते.” पंधरावीस ओळी पुरेत. जागा, रंग, आकार लिहा. अर्थ अजिबात लिहू नका.

दुसऱ्या वेळी, संध्याकाळी चालेल, त्या प्राण्याबद्दल तुमच्या स्वतःच्या आठवणी लिहा. हा थर सगळ्यांत आधी. उसाच्या फडात घोणस पाहिलेल्या माणसाचा साप आणि तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या माणसाचा साप एक नसतो. त्यानंतर घरच्या चालीरीती: नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, नांगर धरायचा नाही, असं ऐकत वाढलेल्याच्या मनात सापाला मारण्याचं पाप आधीच बसलेलं असतं. पुराणं आणि युंग शेवटी. हा क्रम उलटा केला की वृत्र, शेष, कुंडलिनी सगळे गर्दी करतात आणि स्वप्न पाहणारा माणूसच हरवतो.

मग वरचे तीन प्रश्न विचारा आणि चौथा जोडा: मी काय केलं? पळालो, मारलं, बघत राहिलो, की वाट दिली? एका स्वप्नावरून निष्कर्ष काढू नका. पाच-सहा जमली की चौथ्या प्रश्नाची उत्तरं एकाखाली एक लिहा. बदल दिसला तर तिथेच दिसतो.

साप दिसला की धनलाभ, चावला की रोग बरा, असल्या स्वप्नफळांच्या याद्या या कामाला निरुपयोगी आहेत, कारण त्यात पाहणारा कोण हे कुणी विचारतच नाही. दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ त्याला सांगू नका, फक्त प्रश्न विचारा. आणि तेच भयंकर स्वप्न आठवड्यातून अनेकदा येत असेल, झोप उडत असेल, किंवा अपघात, मारहाण, जवळच्याचा मृत्यू यांनंतर सुरू झालं असेल, तर वही बंद करून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तिथे वही सोबत न्यायला हरकत नाही.