स्टॅक केलेल्या आकाशचित्रातील रंग आणि तपशील कसे खुलवावेत

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातील तेजोमेघाची, म्हणजे एम ४२ ची, पुष्कळ छायाचित्रे घेऊन ती डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या प्रोग्राममध्ये एकत्र केली, की समोर येणारे चित्र जवळजवळ काळे असते आणि त्यात फक्त मोजके तारे दिसतात. हे चित्र बिघडलेले नसते. या एकत्रित चित्रातील, म्हणजे स्टॅकमधील, आकडे रेषीय असतात, म्हणजे प्रकाश दुप्पट असेल तर आकडाही दुप्पट असतो, आणि तेजोमेघाचा सगळा फिकट भाग या आकड्यांच्या तळाशी दाटीने बसलेला असतो. तो वर उचलण्याच्या क्रियेला स्ट्रेच म्हणतात. शहरातून घेतलेल्या चित्राच्या बाबतीत मात्र स्ट्रेचची घाई करू नये. आधी पार्श्वभूमी, मग रंग आणि त्यानंतरच स्ट्रेच, हा क्रम कटाक्षाने पाळावा, कारण आकाशाच्या उजेडाची वजाबाकी आणि रंगांचा गुणाकार आकडे रेषीय असतानाच बिनचूक होतात.

सिरिलमध्ये स्टॅकची फिट्स फाइल उघडून दृश्य ‘ऑटोस्ट्रेच’वर ठेवावे. यामुळे केवळ पडद्यावरचे चित्र उजळते, मूळ आकडे बदलत नाहीत. प्रथम चारही कडा कापाव्यात, कारण तिथे सर्व छायाचित्रे एकमेकांवर पूर्ण बसलेली नसतात आणि तेवढ्या पट्ट्यामुळे पुढची सगळी गणिते चुकतात.

पार्श्वभूमीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. घोडबंदर रस्त्याच्या परिसरातून पाहिले तर येऊरच्या डोंगराकडील आकाश तुलनेने काळे असते, तर मुंबईच्या बाजूला क्षितिजालगत उजेडाचा जाड थर असतो. शिवाय रात्र पुढे सरकते तसा मृग पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, त्यामुळे सुरुवातीच्या आणि शेवटच्या छायाचित्रांत उजेडाचा उतार वेगवेगळ्या दिशांना असतो आणि स्टॅकमध्ये हे सगळे उतार मिसळतात. पार्श्वभूमी काढण्याच्या साधनात नमुन्याचे चौकोन आपोआप पसरवून घ्यावेत, पण त्यानंतर एकेक चौकोन डोळ्यांनी तपासावा आणि तेजोमेघावर किंवा त्याच्या फिकट कडेवर पडलेला प्रत्येक चौकोन पुसून टाकावा. तसे न केल्यास प्रोग्राम तेजोमेघालाच शहराचा उजेड समजतो आणि वजा करतो. उतार साधा असेल तर कमी घाताची बहुपदी पुरते. ग्रॅक्सपर्ट हा मोफत प्रोग्रामही हे काम चांगले करतो, मात्र त्याने नेमके काय वजा केले ते पार्श्वभूमीचे वेगळे चित्र पाहून खात्री करून घ्यावी. त्या चित्रात तेजोमेघाचा आकार उमटलेला दिसला, तर काम पुन्हा करावे.

आता रंग. अंदाजाने लाल-निळ्याच्या पट्ट्या सरकवण्यापेक्षा ताऱ्यांच्या आधारे रंग जुळवणे केव्हाही चांगले. दुर्बिणीचे किंवा लेन्सचे नाभीय अंतर आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार दिला, की सिरिल चित्रातील तारे ओळखतो, गाया उपग्रहाच्या सूचीतील त्यांच्या मोजलेल्या रंगांशी तुलना करतो आणि तिन्ही रंगांचे प्रमाण ठरवतो. संपूर्ण मृग नक्षत्र चौकटीत असेल, तर काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर पांढरा दिसला पाहिजे. हिरवा कण, म्हणजे चित्रातील नको असलेले हिरवट ठिपके, काढण्याचे साधन मात्र या तेजोमेघावर जपून वापरावे. ताऱ्यांना हिरवा रंग नसतो हे खरे, पण एम ४२ च्या तेजस्वी गाभ्यातील हिरवट छटा अस्सल आहे, कारण तिथे द्विआयनित ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश प्रबळ असतो. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा असतो. मूळ अवस्थेतील डीएसएलआरच्या सेन्सरपुढील गाळणी त्यातला बराच भाग अडवते, म्हणून तेजोमेघ गुलाबीसर येतो. त्याला ओढूनताणून गडद लाल करू नये.

स्ट्रेच एका दमात करू नये. प्रथम थोडा आसिन्ह स्ट्रेच (सिरिलमधील स्ट्रेचचा एक प्रकार) द्यावा, कारण त्यात प्रत्येक पिक्सेलमधील तिन्ही रंगांचे परस्पर प्रमाण टिकते आणि तारे पांढरे पडत नाहीत. नंतर हिस्टोग्रामची, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाची, टेकडी लहान-लहान पायऱ्यांनी उजवीकडे न्यावी. काळा बिंदू, म्हणजे ज्याच्या खालचे सगळे पूर्ण काळे होते ती पातळी, टेकडीच्या पायथ्यापाशीच थांबवावा. २५५ पैकी साधारण २५ ते ३० या पातळीची पार्श्वभूमी मला सर्वांत नैसर्गिक वाटते. कोळशासारख्या काळ्या आकाशात तेजोमेघाचे फिकट पंख बुडून जातात. तेजोमेघाच्या मध्यावरील ट्रॅपेझियम या गटाचे तारे आणि भोवतीचा गाभा लांब एक्स्पोजरमध्ये जळालेलाच असतो आणि कोणताही स्ट्रेच तो परत आणत नाही. त्यासाठी काही सेकंदांच्या छायाचित्रांचा वेगळा स्टॅक करून तो मुखवट्याच्या (क्रिया चित्राच्या ठरावीक भागापुरतीच ठेवणाऱ्या थराच्या) साहाय्याने गाभ्यावर बसवावा.

तपशिलासाठी स्टारनेट या प्रोग्रामने तारे वेगळे करून उरलेल्या चित्रावर काम करावे. रंगांची संपृक्तता वाढवताना आणि कडा धारदार करताना उजेडावर आधारलेला मुखवटा लावावा, म्हणजे या क्रिया फक्त तेजस्वी भागावर होतील आणि अंधाऱ्या भागात रंगीत कण उठणार नाहीत. फिकट भागावर उलटा मुखवटा लावून कण कमी करावेत. हे दोन्ही किती करायचे, ते स्टॅकच ठरवतो: छायाचित्रे २५ ऐवजी १०० असतील तर संदेश आणि कण यांचे गुणोत्तर दुप्पट होते आणि चित्र तेवढी जास्त धार सोसते. धुळीच्या काळ्या रेघांभोवती उजळ किनार दिसू लागली, की हात मागे घ्यावा.

शेवटी तारे ‘स्क्रीन’ पद्धतीने परत मिसळून १६ बिटची टिफ फाइल जतन करावी. इतरांना पाठवायची जेपीईजी प्रत तिच्यातूनच काढावी. पार्श्वभूमी आणि रंग जुळवलेली पण स्ट्रेच न केलेली फिट्स फाइलही वेगळ्या नावाने ठेवावी, म्हणजे पुढे स्ट्रेच बदलावासा वाटला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.