‘स्व’च्या संकल्पनेचं तात्त्विक मूळ कसं शोधावं

मूळ शोधायचं म्हटलं की बहुतेक जण तत्त्वज्ञांची यादी करतात: देकार्त, कांट, हेगेल, मग अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड. अशा यादीतून काहीच कळत नाही. आधी संकल्पना फोडा.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कूलीचा ‘आरशातला स्व’ (1902) घ्या. त्याचे तीन भाग आहेत: मी समोरच्याला कसा दिसत असेन, तो त्यावरून काय मत बनवत असेल, आणि त्यातून मला वाटणारा अभिमान किंवा शरम. रस्त्यात पाय घसरून पडल्यावर माणूस गुडघ्याआधी आजूबाजूला बघतो, तेव्हा हे तिन्ही भाग क्षणात घडून जातात.

आता प्रत्येक भागाखालचा प्रश्न लिहा. इथला मुख्य प्रश्न असा: स्वतःची ओळख पटायला दुसरा माणूस लागतो का? देकार्तचं उत्तर (1637) ‘नाही’. विचार करणाऱ्याला स्वतःच्या अस्तित्वाची खात्री एकट्यानेच पटते. ॲडम स्मिथ (1759) समाजालाच आरसा म्हणतो. हेगेलच्या मालक-दास प्रकरणात (1807) दुसऱ्याकडून मान्यता मिळाल्याशिवाय आत्मभान पुरं होत नाही. देकार्त विरोधक आहे म्हणून त्याला गाळू नका. वाद कोणाशी आहे हे त्याच्यामुळेच कळतं.

पुढची पायरी सगळ्यात जास्त चुकते. साम्य दिसलं की ‘अमक्याने तमक्याकडून घेतलं’ असं लिहून मोकळं होतात. दुवा दाखवा: शिक्षक, उल्लेख किंवा उसनी संज्ञा. मीड जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्रज्ञ वुंटकडे शिकला आणि ‘हावभाव’ ही कल्पना त्याने तिथूनच उचलली, हा पक्का दुवा. दुवा सापडला नाही तर ‘साम्य आहे’ एवढंच म्हणा.

मग काय बदललं ते नोंदवा. ‘कर्ता मी’ (इंग्रजीत I, जाणणारा मी) आणि ‘कर्म मी’ (me, जाणला जाणारा मी) ही जोडी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 मध्ये मांडली. त्याच्याकडे ‘कर्म मी’त शरीर, कपडे, मालमत्ताही येते. मीडकडे तो म्हणजे इतरांच्या अपेक्षांचा आत रुजलेला संच, आणि ‘कर्ता मी’ म्हणजे त्याला दिलेला, आधी न सांगता येणारा प्रतिसाद. म्हणून मीडचा ‘कर्ता मी’ हा देकार्तचा ‘मी’ नव्हे. परीक्षेत हमखास होणारी गल्लत हीच.

एक सावधगिरी: मीड 1931 मध्ये वारला. त्याचं गाजलेलं पुस्तक ‘माइंड, सेल्फ अँड सोसायटी’ 1934 मध्ये, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या टिपणांवरून निघालं. त्यातल्या एकाच शब्दावर अख्खा युक्तिवाद उभा करू नका. मीडच्या हयातीतल्या लेखांशी तो ताडून बघा.