डोनर एग घेताना या चुका टाळा

डोनर एगचं, म्हणजे दुसऱ्या स्त्रीचं (दात्रीचं) बीज घेऊन गर्भधारणेचं, ठरलं की पहिली चूक मनातच होते: दात्री तरुण आहे, मग आता अडचण कसली? वय वाढलं की बीजात गुणसूत्रांचे दोष वाढतात आणि तरुण बीजाने हा प्रश्न बराच सुटतो, हे खरं. म्हणून तर 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याने दात्रीचं वय 23 ते 35 ठेवलंय. पण गर्भाशय तुमचंच असतं आणि शुक्राणू नवऱ्याचे.

बायकोच्या तपासण्यांची जाडजूड फाईल आणि नवऱ्याचा वर्षभरापूर्वीचा एकच रिपोर्ट, हे नेहमीचं चित्र. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. नमुना देण्याच्या आदल्या आठवड्यात तंबाखू सोडून काय होणार? त्यात कायद्याप्रमाणे एका दात्रीची जास्तीत जास्त सातच बीजं काढता येतात. वाया घालवायला काही नसतं.

पॉलिप (गर्भाशयातली मांसवाढ), थायरॉइड आधी बघून घ्या. गर्भनलिकेत पाणी साठलं असेल तर ते गर्भाशयात झिरपतं आणि गर्भ रुजू देत नाही; त्यावर आधी उपचार हवेत. पूर्वी टीबी झाला असेल तर लपवू नका. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी सात मिलिमीटरच्या आत असेल तर डॉक्टर सहसा थांबायला सांगतात. तेव्हा रजा मंजूर झालीय, मुहूर्त चांगला आहे, असा हट्ट नको.

सगळ्यात महागात पडते ती प्रोजेस्टेरॉनमधली, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या औषधातली, हयगय. गोळ्या देऊन अस्तर तयार करतात तेव्हा तुमच्या अंडाशयातून बीज सुटलेलं नसतं, त्यामुळे शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास बनवतच नाही. आधार फक्त बाहेरून घेतलेल्या औषधाचा. थोडं रक्त दिसलं की ‘गेलं सगळं’ म्हणून अनेकजणी औषध परस्पर बंद करतात. तसं करू नका, डॉक्टरांना फोन करा. टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी वार (प्लासेंटा) काम हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा आठवडे, औषध चालूच असतं. उलट ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यावर, पलंगाला खिळून राहायची काहीच गरज नाही.

‘दोन गर्भ सोडा, एकदाच सुटू’ हा आग्रहही सोडा. डोनर एगच्या गरोदरपणात मुळातच रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त. जुळ्यांनी तो आणखी वाढतो.

बाळंतपणाला माहेरी जाल तेव्हा नातेवाइकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तिथल्या डॉक्टरांना बीज दात्रीचं आहे हे सांगाच. डबल मार्कर या गरोदरपणातल्या रक्ततपासणीच्या फॉर्मवरही दात्रीचं बीज काढतानाचं वय लागतं. तिथे तुमचं वय, समजा बेचाळीस, लिहिलं की डाऊन सिंड्रोमचा धोका विनाकारण फुगून दिसतो.