धुक्यात फोन काढला आणि चकवा लागला: मोबाइलचं होकायंत्र वापरताना या चुका टाळा

ऑगस्टमधली गोष्ट. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याहून देवळाकडे परत निघालो होतो. धुकं असं की पुढच्याची सॅक दिसेना. देऊळ कड्याच्या पूर्वेला, एवढं पक्कं ठाऊक होतं. म्हणून फोनमधलं होकायंत्र उघडलं आणि ते पूर्व म्हणेल तिकडे चालत सुटलो. पाचेक मिनिटांनी लक्षात आलं, पाऊस थेट चष्म्याच्या काचांवर येतोय. पावसाळ्यात घाटमाथ्यावर वारा कोकणातून चढतो, म्हणजे पश्चिमेकडून. पूर्वेला चाललो असतो तर पाऊस सॅकवर पडायला हवा होता. मित्राने त्याचा फोन काढला. त्याची उत्तर माझ्या उत्तरेच्या जवळजवळ उलट.

रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी आला की आपल्याकडे 'चकवा लागला' म्हणतात. आमचा चकवा माझ्या फोनच्या कव्हरात होता. झाकण नीट मिटावं म्हणून त्यात एक चपटं लोहचुंबक बसवलेलं होतं.

फोनमध्ये सुई नसते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान एक चिप असते, मॅग्नेटोमीटर. ती आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र मोजते. पृथ्वीचं क्षेत्र आपल्या भागात 40 ते 45 मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास आहे, आणि फ्रिजला चिकटवायच्या साध्या चुंबकाजवळ ते हजारोंत जातं. यातलं पृथ्वीचं किती आणि कव्हराचं किती, हे चिपला कळत नाही. ती सगळ्याची बेरीज वाचते. त्यामुळे फोन खोटं बोलत नाही, तो जिथे आहे तिथलं खरंच सांगतो. घोळ त्या जागेचा असतो.

हा घोळ केवढा असू शकतो ते अलिबागला विचारा. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरल्यावर, त्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून हे काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं. इमारतीसाठी दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला निवडला. आणि आपण चुंबकाच्या कव्हरातला फोन पॉवर बँकेला टेकवून उत्तर शोधतो!

तर पहिली चूक हीच. झाकणाचं कव्हर, पाठीला चिकटणारी पॉवर बँक, गाडीतला चुंबकाचा होल्डर, इअरबड्सची डबी, सगळं हातभर लांब ठेवा. दोन फोन ताडून बघतानाही ते शेजारी शेजारी धरू नका. प्रत्येक स्पीकरमध्ये चुंबक असतं, दोघं एकमेकांना बिघडवतात.

दुसरी चूक कॅलिब्रेशनची, म्हणजे होकायंत्राचा हिशेब पुन्हा जुळवून घेण्याची. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण फोन आडवा धरून नुसता हात फिरवतात. मनगट वळवत फोनच्या सगळ्या बाजू वर-खाली, डावी-उजवीकडे फिरल्या पाहिजेत. आणि हे गाडीत बसून करू नका. गाडीच्या पत्र्यासकट फोन हिशेब जुळवतो आणि पायथ्याला उतरल्यावर तोच हिशेब चुकतो. उतरा, वीस-पंचवीस पावलं चाला, मग करा.

सह्याद्रीत तिसरी चूक फार होते: फोन कातळावर ठेवून दिशा बघणं. आपला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचे कण असतात. शिखरावर वा धारेच्या टोकावर वीज पडलेली असेल तर तेवढा दगड चांगलाच चुंबकीय होऊन बसतो. फोन छातीच्या उंचीवर, शक्य तेवढा सपाट धरा. दहा पावलं सरकून पुन्हा बघा. डोंगराची लांबची एखादी सोंड दोन्ही ठिकाणांहून साधारण त्याच अंशांवर, म्हणजे होकायंत्रातल्या त्याच आकड्यावर, दिसली तर भरवसा ठेवा. वीस-तीस अंशांचा फरक आला तर आणखी पुढे जाऊन बघा.

शहरात हाच त्रास लोखंडी पुलांवर होतो. दादरला पादचारी पुलावर उभं राहून नकाशातल्या निळ्या झोताकडे बघत बसू नका, तो भलतीकडे वळलेला असू शकतो. खाली उतरा, तीस-चाळीस पावलं चाला आणि निळा ठिपका कुठे सरकतो ते बघा. (मुंबईतलं 'पूर्व' आणि 'पश्चिम' रुळांच्या हिशेबाने असतं, हेही बाहेरगावच्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवा.) नकाशा फिरलेला असताना वरची बाजू उत्तर समजू नका. कोपऱ्यातल्या छोट्या होकायंत्रावर बोट टेकवलं की उत्तर वर येते.

फ्लॅट बघायला गेल्यावर दारात फोन धरून 'पूर्वमुखी आहे का' बघणाऱ्यांना एवढंच सांगतो: भिंतीत सळया आहेत, शेजारी लिफ्ट आहे. हॉलमधली पूर्व स्वयंपाकघरात आग्नेय होते. गच्चीवर जा, नाहीतर सरळ नकाशात इमारत बघा.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. होकायंत्र आपण वाट चुकल्यावर उघडतो. ते फक्त दिशा सांगतं, तुम्ही कुठे आहात ते नाही. धुक्यात पाच ढोरवाटा फुटल्या की 'उत्तर तिकडे' या माहितीचं करायचं काय? वाट स्वच्छ दिसत असतानाच, म्हणजे देवळातून निघताना, खिंडीत पोचल्यावर, डोंगराच्या पदरातल्या, म्हणजे मधल्या सपाटीवरच्या, झाडीत शिरण्याआधी, पुढच्या टप्प्याचे अंश बघून लिहून ठेवा. परतीसाठी त्यात 180 मिळवा किंवा वजा करा. चालताना स्क्रीनकडे बघायचं नाही, त्या दिशेचं एखादं झाड वा दगड हेरायचा, तिथवर जायचं, मग पुढचा हेरायचा. दहा अंशांची चूक एका किलोमीटरला पावणेदोनशे मीटर बाजूला नेते, आणि कड्याजवळ तेवढं पुष्कळ झालं. नकाशा घरूनच डाउनलोड करा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, पण डाउनलोड न केलेला नकाशा कोराच दिसतो.

सूर्यावर ताडून बघणं उत्तम, पण आपल्याकडे त्यातही मेख आहे. जूनच्या अखेरीस सूर्य बरोबर पश्चिमेला न मावळता सुमारे 25 अंश उत्तरेकडे मावळतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडे. आणि पुण्यामुंबईकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. 'दुपारी सूर्य दक्षिणेला' हा नियम तेव्हा उलटा पडतो.

भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतल्या फरकाची महाराष्ट्रात काळजी नको, तो एक अंशाहूनही कमी आहे. न्यूझीलंडमध्ये ट्रेकला जाणाऱ्यांनी मात्र सेटिंग बघून घ्यावं, तिथे फरक वीस अंशांच्या घरात जातो.

घरच्या घरी एक परीक्षा करा. लाकडी टेबलाच्या कडेला फोन लावून अंश वाचा. मग फोन उलट फिरवून त्याच कडेला लावा. फरक 180 च्या जवळपास हवा. 150 वगैरे आला तर कव्हर काढा, कॅलिब्रेट करा, पुन्हा बघा. आकडा हलतच नसेल तर फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नसेल. काही स्वस्त फोनमध्ये तो नसतो आणि कुठलंही अॅप टाकून तो येत नाही.

त्या दिवशी मी कव्हर काढलं, आठ-दहा वेळा फोन फिरवला, आणि माझी उत्तर मित्राच्या उत्तरेजवळ येऊन थांबली. आम्ही वळलो, पाऊस सॅकवर वाजायला लागला. अर्ध्या तासाने धुक्यातून देवळाचं शिखर वर आलं. कव्हर अजून घरी आहे, फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं. त्यात दुधाची बिलं ठेवतो.